आधी रिकामं

"ती पोरगी बोलत न्हाई, तेच बरं हाय," सर आतल्या खोलीत सांगत होते. "बोलणारी माणसं वास नीट घेत न्हाईत."

"उनो डर के चुप रहती, साब," इस्माईलभाई म्हणाले.

"भ्यायला काय झालं? मी काय खायलोय तिला?"

मी दाराबाहेर अंड्यांचा ट्रे धरून उभी होते. तसंच आत जावं की आधी खोकावं हे मला ठरवता येत नव्हतं. शेवटी ट्रे जड व्हायला लागला म्हणून गेले. सरांनी माझ्याकडे पाहिलं, पण आपलं बोलणं हिनं ऐकलं असेल याची त्यांना काही फिकीर दिसली नाही. टेबलावरच्या एका बाटलीचं बूच काढून त्यांनी ती माझ्या नाकाशी धरली.

"सांग अक्का, कसला वास यायलाय?"

"स्ट्राँग," मी म्हणाले.

"स्ट्राँग तर चहा असतोय. वास सांग."

मला सांगता आलं नाही. माझं सगळं शिक्षण बिदरच्या इंग्रजी शाळेत झालं. तिथं मराठी बोललं की बाकावर उभं करायचे. घरी मराठीच बोलतो, पण त्या मराठीत मला जेवायला मागता येत होतं, रिक्षावाल्याला नौबादचा पत्ता सांगता येत होता, फार तर धाकट्या भावाशी भांडता येत होतं. वासाला शब्द लागतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

सरांना स्वतःला वास येत नव्हता. साथीच्या वर्षी त्यांचं नाक गेलं ते परत आलं नाही, आणि नाकाबरोबर जीभही गेली. तिखट आणि मीठ तेवढं कळायचं. आयुष्यभर झाडपाल्यात काम केलेल्या माणसाच्या वाट्याला हे आलं, पण ते रडगाणं गात नसत. "माझं नाक संपावर हाय," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे आणि समोरच्याचं नाक कामाला लावायचे. मी रुजू झाल्यावर ते काम माझ्याकडे आलं. उग्र, कुबट, खवट, आंबूस, ओशट, हिरवट, करपट हे शब्द मी पुस्तकातून शिकले नाही. एकेक बाटली नाकाशी आली, मी चाचपडत काहीतरी सांगितलं आणि सर म्हणाले, "त्याला खवट म्हणत्यात." असे ते शिकले.

आमचं संशोधन केंद्र कलबुर्गीच्या बाहेर, आळंद रस्त्याला, कडगंचीच्या अलीकडे आहे. आजूबाजूला तुरीची शेतं. काम सांगायला सोपं: फ्लूच्या विषाणूवर कुठल्या झाडाचा काही उपयोग होतो का ते तपासायचं. हा विषाणू सारखा रूप पालटतो आणि त्यावरची औषधं मोजकीच आहेत. गावोगावचे लोक आपापली खात्रीची मुळं, पानं, साली घेऊन यायचे. आम्ही त्यांचा अर्क काढायचो, तो विषाणूत मिसळून काही वेळ ठेवायचो आणि ते मिश्रण उबवणीतल्या कोंबडीच्या अंड्यात टोचायचो. फ्लूचा विषाणू अंड्यात चांगला वाढतो. दोन-तीन दिवसांनी अंड्यातलं पाणी काढून, बारीक खळगे असलेल्या प्लेटमध्ये कोंबडीच्या रक्तपेशींबरोबर ठेवायचं. विषाणू असला तर तो पेशींना एकमेकींशी बांधून धरतो आणि खळग्यात फिकट लाल चादर पसरते. नसला तर पेशी घरंगळून तळाशी जमतात आणि मधोमध गोल लाल ठिपका बसतो. पुस्तकात त्याला बटण म्हणतात. सर टिकली म्हणायचे. सकाळी आल्या आल्या चपला काढता काढता विचारायचे, "बसली का टिकली?"

बहुतेक वेळा चादरच असायची.

टिकली बसली तरी सर लगेच मानत नसत. अर्क जहाल असला तर अंड्यातला जीवच मरतो, मग विषाणू वाढणार कशात? किंवा ज्या पाण्यात अर्क काढला त्या पाण्यातच काही असेल. म्हणून दर वेळी अर्काच्या शेजारी एक 'रिकामं' ठेवायचं. रिकामं म्हणजे सगळं तेच, फक्त त्यात झाड नाही. रिकाम्यातही टिकली बसली, तर करामत झाडाची नव्हे.

"आधी रिकामं," हे सरांचं वाक्य. ते प्रयोगशाळेपुरतं राहिलं नव्हतं. बसस्टँडजवळच्या हॉटेलात ते आधी कपभर नुसतं गरम पाणी मागवायचे, ते सावकाश प्यायचे आणि मग चहा. चव तर लागत नव्हती. मी एकदा धीर करून इस्माईलभाईंना विचारलं, तर ते म्हणाले, "जबान थी तब की आदत है मॅडम. जबान गई, आदत नै गई." भाजी घेताना बाईला म्हणायचे, पारडं आधी रिकामं दाखव. ती बाई एकदा वैतागून म्हणाली, "रोज रोज काय बगताव ओ? तराजू काय गाभण हाय का?" सर मनापासून हसले आणि तरीही पारड्याकडे बघत राहिले.

वर्ण काळा, अंग किरकोळ, उन्हाळ्यातही अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, कारण आमच्या खोल्या थंड ठेवाव्या लागतात आणि सर तो बाहेर पडताना काढायला विसरायचे. बाईमाणूस दिसलं की अक्का, पुरुष दिसला की अण्णा, म्हातारा असला तर अप्पा. आमच्या डायरेक्टर मॅडमनाही अक्का, झाडणाऱ्या बाईंनाही अक्का आणि मी त्यांच्या नातीच्या वयाची, तर मलाही. गाव औराद तालुक्यातलं चिंताकी. घरात निम्मं मराठी, निम्मं कन्नड. रागावले की कन्नडमध्ये जायचे, त्यामुळे मला त्यांचा राग निम्माच कळायचा. लग्न केलं नव्हतं. कामून नाही केलं, असं इस्माईलभाईंनी एकदा विचारलं होतं म्हणे, तर म्हणाले, "बिनलग्नाचा कसा ऱ्हातोय ते आधी बगत होतो. बगता बगता वय गेलं."

अंड्यांची गोष्ट वेगळी सांगायला हवी. सरांच्या गळ्यात सदऱ्याखाली लिंगायतांचं इष्टलिंग असायचं. सकाळी पूजा झाल्याशिवाय पाणी प्यायचे नाहीत. अंड्याचं बोट तोंडाला लागलेला माणूस नव्हता तो. आणि काम सगळं अंड्यांचं. अंधाऱ्या खोलीत दिव्यासमोर अंडं धरलं की आतल्या लाल शिरा आणि हलणारा जीव दिसतो. सर प्रत्येक अंडं असं फिरवून बघायचे, मग डावा हात छातीवर, सदऱ्याखाली जिथं लिंग असायचं तिथं, क्षणभर ठेवायचे आणि मग हातमोजे घालायचे. हे ते कुणाला दाखवायला करत नसत. मी बाजूला उभी असायचे म्हणून मला दिसलं.

इस्माईलभाई उबवणी केंद्रातून अंडी आणायचे. ते म्हणायचे, "साब अंडा नै खाते, अंडा लानेवाले का भेजा खाते." ते खरंच होतं. एखादं अंडं तडकलेलं निघालं तर सर त्यांना रस्ता कुठला, ट्रे मांडीवर होता की सीटवर, ड्रायव्हर कोण होता असं सगळं विचारायचे.

बाहेरून आलेल्या एका विद्यार्थ्यानं सरांना विचारलं होतं, तुम्हाला याचं पाप वाटत नाही का. मला वाटलं आता कन्नड सुरू होणार. पण सर शांतपणे म्हणाले, "वाटतंय की. म्हणून तर वाया घालवत न्हाई. रिकामं ठेवायचं विसरलास तर तेवढे जीव फुकट गेले. तेचं पाप आपल्याला."

एकदा आळंदकडच्या एका खेड्यातले वैद्य एक मूळ घेऊन आले. सत्तरीचे असतील. फेटा, हातात काठी, बोलण्यात पुरी खात्री. मुळाला उग्र वास होता आणि मागून एक गोडसर दर्प यायचा. मी तसं सांगितल्यावर ते माझ्याकडे प्रथमच नीट बघून म्हणाले, "पोरीला कळतंय." मूळ तपासलं. टिकल्या बसल्या. पण पाणी काढण्याआधी अंडी दिव्यासमोर धरली होती, तेव्हा आत काहीच हलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सर मला म्हणाले, "चल, सांगून येऊ."

बस, मग चालत. उन्हात दोन शेतं ओलांडून वैद्यांच्या घरी पोचलो. त्यांच्या सुनेनं लगेच ताटं मांडली: भाकरी, पुंडीची भाजी, शेंगाची चटणी. पुंडी म्हणजे आंबाडी, इकडे सगळे पुंडीच म्हणतात. सर ताटावर बसले नाहीत.

"आधी सांगतो, अप्पा. मग जेवतो. तुमचं मूळ लागलं न्हाई."

"विषाणू मेला न्हाई?"

"मेला की. पर अंड्यातला जीवबी मेला. उंदीर गेला, पर घर पेटवून."

वैद्यांनी काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "माझ्याकडं आलेली माणसं बरी झाली ती?"

"ते मला ठाऊक न्हाई. पर जास्त कुणाला देऊ नका. पोरांना तर नगंच."

सून दारात भाकरीची दुरडी धरून उभी होती. मग वैद्यांनी विचारलं, "एवढं सांगायला उन्हात कामून आलाव? फोन करायचा की."

"'व्हय' असतं तर फोनवर सांगितलो असतो," सर म्हणाले. "'न्हाई' तोंडानं सांगावं लागतंय."

मग ते जेवायला बसले आणि चांगले जेवले. वैद्यांनी त्यांना भाजी आग्रहानं वाढली, पण मुळाबद्दल परत एक शब्द काढला नाही. येताना बसमध्ये सर झोपले. मी खिडकीतून बघत होते आणि मला वाटत होतं की हे मला कधी जमणार नाही. आमच्या घरी 'नाही' असं कुणी म्हणत नाही. पप्पांचा तुरीचा व्यापार आहे, तेही म्हणत नाहीत. 'बघू' म्हणतात आणि विषय बदलतात.

सरांचं निवृत्तीचं वर्ष उजाडलं, तेव्हा त्यांनी आईचा काढा तपासायला काढला.

ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती. चिंताकीत थंडीत ताप-खोकला सुरू झाला की त्यांची आई लाल आंबाडीची वाळलेली बोंडं आणि सुंठ तांब्याच्या भगुन्यात उकळायची आणि गल्लीभर वाटायची. गल्ली बरी व्हायची. सर झाडपाल्याच्या नादाला लागले ते तो काढा बघत. पण इतक्या वर्षांत त्यांनी तो कधी तपासला नव्हता. इस्माईलभाईंनी कारण विचारलं, तर म्हणाले, "मायची परीक्षा घ्यायची म्हंजे धाडस लागतंय." आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. भगुनं सरांच्या कलबुर्गीच्या भाड्याच्या घरात होतं.

काढा त्यांनी घरीच केला, आईच्या रीतीनं, आणि स्टीलच्या डब्यातून आणला. डबा उघडून माझ्यापुढे धरला.

"कसला वास यायलाय?"

आंबूस, सुंठेचा, आणि त्याच्या खाली आणखी काहीतरी. मी दोनदा वास घेतला. "नाण्यासारखा," मी म्हणाले. "मुठीत नाणं धरून ठेवल्यावर हाताला येतो तसा."

सर विचारात पडले. "आमच्या शेताची माती लाल हाय, लोखंडाची. उतरला असंल," ते म्हणाले. तेही पटण्यासारखं होतं.

आंबट रसानंही विषाणू मरतो, म्हणून आम्ही काढ्याचा आंबटपणा आधी मोडून घेतला. शेजारी रिकामं ठेवलं: प्रयोगशाळेच्या बाटलीतलं पाणी, काचेच्या भांड्यात उकळलेलं. अंडी टोचली. प्लेट झाली त्या सकाळी मी खाली वाकून बघितलं तर काढ्याच्या ओळीत टिकल्या होत्या. सगळ्या खळग्यांत. रिकाम्याच्या ओळीत चादर. पाणी काढलं तोवर अंड्यातले जीवही हलत होते.

सरांनी परत करायला लावलं, मग आणखी एकदा. तेच आलं. ते बाहेर जाऊन लिंबाच्या झाडाखालच्या कट्ट्यावर बसले. मी खिडकीशी होते. त्यांनी चिंताकीला थोरल्या बहिणीला फोन लावला. तिलाही ते अक्काच म्हणायचे. "अक्का," ते म्हणाले, "मायचा काढा लागला." मग बराच वेळ ते नुसते ऐकत होते आणि स्वेटरच्या बाहीनं चष्मा पुसत होते.

डायरेक्टर मॅडमनी बेंगळुरूहून पाहुणे बोलवायचं ठरवलं. निवृत्तीच्या आधी सरांनी त्यांच्यापुढे सगळं मांडायचं. आंबाडीच्या बोंडाचं मोठं चित्र असलेला फलक छापायला गेला. सरांनी नवा सदरा शिवून घेतला. बहिणीला आणायचं म्हणाले. ती कधी कलबुर्गीत आली नव्हती.

मधल्या दिवसांत मी तीच बोंडं, तीच सुंठ घेऊन काढा प्रयोगशाळेत करून बघितला. लालभडक झाला. घरून यायचा तो जांभळट काळा असायचा. लाल काढ्याच्या ओळीत चादर आली. मी प्लेट सरांना दाखवली.

"काचेत केलीस नव्हं? माय काचेत करत न्हवती," ते म्हणाले. "चुलीची आच येगळी, हात येगळा."

असं वैद्य लोक म्हणायचे. आजवर सर ते हसून ऐकून घ्यायचे आणि मला म्हणायचे, हात बाटलीत मावत न्हाई. आता ते स्वतः म्हणाले. मी प्लेट धुवायला टाकली.

त्या शनिवारी मी नौबादला घरी गेले. आई स्वयंपाकघरात पितळेचा तांब्या मोरीत ओतत होती.

"ह्यात ताक कुणी ठेवलं? तुझ्या पप्पांनीच असंल. कळकलंय सगळं."

"म्हणजे?"

"वास घे की."

मी तांब्या नाकाशी धरला. आंबूस, आणि खाली मुठीतलं नाणं.

"कल्हई गेलीय आतून," आई म्हणाली. कल्हई म्हणजे तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून दिलेला कथलाचा पांढरा थर. "कल्हई न्हाई त्या भांड्यात आंबट ठेवलं की कळकतं. पिलं की मळमळतं. एवढं बी सांगत न्हाईत वाटतं तुमच्या कॉलेजात." आई स्वतः शाळेत गणित शिकवते, त्यामुळे कॉलेजला टोमणा मारायची संधी ती सोडत नाही.

मी तांब्याच्या आत बघत राहिले. तांब्यानं विषाणू मरतात हे मी परीक्षेत लिहून आले होते, इंग्रजीत. कळकणं हा शब्द मला त्या दिवशी मिळाला.

सोमवारी मी सरांना म्हणाले, "भगुनं आणता का? इथंच करून बघते." ते खूश झाले. दुसऱ्या दिवशी धुतलेल्या धोतराच्या फडक्यात बांधून आणलं आणि टेबलावर ठेवून म्हणाले, "जपून. मायचं हाय." मग ते बहिणीला आणायला चिंताकीला गेले.

फडकं सोडलं. काठाशी आतून पांढरा थर होता. खाली, जिथं काढा उकळायचा तिथं, तांबं उघडं पडलं होतं, घासून घासून लाल झालेलं. त्यांची आई होती तेव्हा दारावर कल्हईवाला येत असणार. सरांच्या घरी कोण येणार, आणि आलं तरी सरांना तो वास येणार नव्हता.

मी त्यात पाणी उकळलं आणि काढ्याइतकं आंबट होईल एवढं लिंबू पिळलं. आंबाडी नाही, सुंठ नाही. तसंच पाणी काचेच्या भांड्यात उकळलं. दोन्हींचा आंबटपणा मोडला आणि अंडी टोचली. टोचण्याआधी मी सरांसारखा हात छातीवर ठेवला. माझ्या गळ्यात काही नाही, पण ठेवला.

पाहुणे आले त्याच सकाळी प्लेट झाली, तेव्हा इस्माईलभाई माझ्या मागे उभे होते. काचेतल्या पाण्याच्या ओळीत चादर. भगुन्यातल्या पाण्याच्या ओळीत टिकल्या, एकेक, ठसठशीत.

"अब?" ते म्हणाले.

"ईमेल करू का सरांना?"

"ईमेल?" इस्माईलभाईंनी माझ्याकडे असं बघितलं, की मीच खाली बघितलं. "साब 'न्हाई' बोलने को धूप में गाँव-गाँव गए, मॅडम. उन को ईमेल?"

"तुम्ही सांगाल?"

"मेरेकू नै पूछे वो कभी, वास कैसी है करके," ते म्हणाले.

पुढचं आधीच सांगून टाकते. त्या दिवशी सर पाहुण्यांपुढे उभे राहिले, नवा सदरा घालून, आणि भगुनं टेबलावर ठेवून त्यांनी सगळं सांगितलं, आपण रिकामं कुठं चुकवलं तेसुद्धा: काढा घरच्या भांड्यातला आणि रिकामं मात्र इथल्या काचेतलं. पाहुण्यांनी ऐकून घेतलं. तांब्यात त्यांना नवीन काही नव्हतं. ते जेवून गेले. डायरेक्टर मॅडम पुढं बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. फलक अजून स्टोअरमध्ये आहे, भिंतीकडे तोंड करून. निवृत्त होण्याआधी सर उदगीरला जाऊन भगुन्याला कल्हई करून घेऊन आले, कारण कलबुर्गीत कुणी सापडलं नाही. त्यात काढा केला, शेजारी त्याच भगुन्यातलं रिकामं ठेवलं. दोन्हीकडे चादर आली. मग ते बस पकडून चिंताकीला गेले, बहिणीला तोंडानं सांगायला. त्यांनीच मला नंतर सांगितलं, बहिणीनं विचारलं, मग माय काय करायची रे? "काढा द्यायची," सर म्हणाले, "आन ताप उतरस्तोर बसून ऱ्हायची." आता ते तिथंच राहतात. फोन केला की हॅलो म्हणत नाहीत, "आधी काय?" म्हणतात, आणि मी उत्तर दिल्याशिवाय पुढं बोलत नाहीत.

पण हे सगळं मागून. त्या सकाळी मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. शेजारच्या खोलीत पाहुणे उप्पीट खात होते, चमच्यांचा आवाज येत होता. मी प्लेट हातात धरून बाकाशी उभी होते. मनात वाक्य इंग्रजीत जुळवलं होतं, 'आय थिंक देअर मे बी' असं सुरू होणारं, आणि ते पुढं जात नव्हतं.

सर आत आले. नवा सदरा, वर तोच स्वेटर. मागे त्यांची बहीण, डोक्यावर पदर, काखेत बोचकं. तिनं चपला बाहेर काढल्या होत्या आणि फरशी थंड लागत होती म्हणून ती पाय उचलून उचलून ठेवत होती.

"हीच ती पोरगी," सर तिला म्हणाले. "बोलत न्हाई, पर नाक म्हंजे नाक हाय."

बहिणीनं माझ्या गालावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. "बाळा, माझ्या मायचं नाव काढलंस बग," ती म्हणाली.

सरांनी पिशवीतून बाटली काढली. पाहुण्यांना दाखवायला मागच्या आठवड्यात करून ठेवलेला काढा होता, जांभळट काळा. बूच काढलं आणि नेहमीसारखी माझ्या नाकाशी धरली. चेहरा नेहमीसारखाच होता, फक्त बाटलीचा हात किंचित पुढं आला होता.

"सांग अक्का, कसला वास यायलाय?"

मी वास घेतला. घ्यायची गरज नव्हती, पण घेतला. मग प्लेट त्यांच्यापुढे बाकावर ठेवली आणि भगुन्याकडे बोट केलं.

"कळकल्याचा, सर," मी म्हणाले. "ह्यात आधी रिकामं उकळून बघितलं मी. आंबाडी न्हाई. भांडं हाय."